वडिलांना पेट स्कॅन सांगितलाय, म्हणजे कॅन्सर का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, नागपुरात मानेवाड्याला राहतात. चार महिन्यांपासून दोन्ही खांदे आणि मांड्यांचा वरचा भाग दुखतो. सकाळी अंग मोकळं व्हायला तास-दीड तास लागतो. वजन पाच किलोंनी उतरलं. ईएसआर ९२, सीआरपीही वाढलेला (दोन्ही शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (आमवाताच्या रक्ततपासण्या) निगेटिव्ह. डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे. एका डॉक्टरांनी स्टिरॉइड लिहून दिलं, दुसरे म्हणाले, आधी पेट-सीटी करा. मुलीचं विचारणं आहे की पेट स्कॅन तर कॅन्सरवाल्यांचा असतो, मग आमच्यापासून काही लपवताहेत का? आणि गोळी आधी सुरू केली तर काय बिघडणार आहे?

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, घाई त्याचीच आहे. बाबांना नव्याने डोकेदुखी सुरू झाली आहे का, कानशिलाला हात लावला की दुखतं का, केस विंचरताना टाळू हुळहुळते का, पोळी चावता चावता जबडा भरून येऊन थांबावं लागतं का, एखाद्या डोळ्यापुढे क्षणभर अंधारी आली किंवा एकाचे दोन दिसले का, हे आज त्यांच्याशेजारी बसून विचारा. नुसतं ‘डोकं दुखतं का’ विचारू नका. आपल्याकडचे म्हातारे ‘नाही, तसं काही नाही’ म्हणून मोकळे होतात. यातलं एकही असेल तर माझं उत्तर अर्धवट सोडा आणि आजच डॉक्टरांना गाठा. तो जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे आमच्या भाषेत जीसीए, असू शकतो. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला आलेली सूज. त्यात डोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर गेलेली नजर सहसा परत येत नाही. अशा वेळी स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करायचं असतं, स्कॅनची तारीख कधीची का मिळेना.

यातलं काही नसेल, तर दोन-चार दिवस गोळी थांबवून स्कॅन करून घ्यायला हरकत नाही. उलट या केसमध्ये मी तेच सांगितलं असतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून पहिला संशय पॉलिमायाल्जिया रुमॅटिकाचा, आम्ही त्याला पीएमआर म्हणतो. पन्नाशीच्या आत हा जवळपास दिसत नाही, सत्तरीच्या आसपास सर्वाधिक. स्कॉटलंडच्या विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्ये याचं वर्णन म्हातारपणीचा संधिवाती गाउट अशा नावाने केलं. आजचं नाव बार्बर यांनी १९५७ मध्ये दिलं. मायाल्जिया म्हणजे स्नायूंचं दुखणं, पण यात स्नायूंचा दोष नसतोच. सूज असते ती खांद्याच्या नि खुब्याच्या भोवती, स्नायू हाडावर घासू नये म्हणून असलेल्या बर्सा नावाच्या छोट्या पिशव्यांत आणि स्नायूंच्या दोऱ्यांवरच्या आवरणात. माझ्याकडे येणारे काका सांगतात ते असं: ‘हात वर होऊनच नाही राहिला जी, बनियन बायकोच चढवून देते.’ पुस्तकातलं कुठलंही वर्णन याच्यापुढे फिकं आहे.

आपल्या भागात हा आजार उशिरा ओळखला जातो, याचं कारण त्याच्यासारखं दिसणारं इथे फार आहे. डायबेटिसवाल्याचा खांदा आखडला की ‘फ्रोझन शोल्डर’, कंबर दुखली की एमआरआय. सत्तरीच्या कण्याचा एमआरआय कधी कोरा येतो का! त्यात चिकुनगुनिया. २००६ च्या साथीनंतर विदर्भात कोणताही सांधा धरला की लोक आधी डासावर बिल फाडतात. बरेचदा ते खरंही असतं. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, हे सगळे याच रांगेत उभे असतात.

ईएसआरबद्दल एक इथलीच गोष्ट सांगतो. हा आकडा वयाबरोबर वाढतो. पुरुषाचं वय भागिले दोन, म्हणजे बाबांना ३७ पर्यंत चाललं असतं. ९२ मात्र वयाच्या खात्यात टाकता येत नाही. पण आपल्याकडे सिकलसेल आहे. त्या आनुवंशिक आजारात विळ्यासारख्या तांबड्या पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत, म्हणून शरीरात आग पेटलेली असतानाही ईएसआर खोटाच कमी येतो. घरात सिकलसेल असेल तर सीआरपीवरच भिस्त ठेवावी. बाबांचे दोन्ही आकडे वाढलेले आहेत, म्हणजे सूज आहे यात शंका नाही. कुठली आणि कुठे, हे शोधायचं राहिलं.

आता पेट. कॅन्सरसाठी तो सर्वात जास्त वापरला जातो, हे खरं. पण १९७६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा माणसाला पेटसाठीचं औषध टोचलं गेलं, ते मेंदूचा अभ्यास करायला. औषधाचं नाव फ्लुओरोडीऑक्सिग्लुकोज, बोलताना एफडीजी. ही साखरच, फक्त तिच्या अंगावर किरणोत्सर्गी फ्लोरिन बसवलेला. पेशी तिला साखर समजून आत घेते, पहिली प्रक्रियाही करते, पण पुढच्या पायरीवर ती अडते. इतवारीच्या बोळात हातगाडी शिरावी आणि पुढून वाट बंद, मागे वळायला जागा नाही, तसं. ज्या पेशीला साखरेची भूक जास्त तिथे अशा गाड्या जास्त साठतात, आणि कॅमेरा त्या मोजतो. कॅन्सरची पेशी भुकेली असते. पण सूज आणणाऱ्या मॅक्रोफेज नि इतर पांढऱ्या पेशीही कामाला लागल्या की तितक्याच खादाड होतात. स्कॅनला दोघींतला फरक कळत नाही. तो फक्त ‘इथे साखर जास्त खपतेय’ एवढंच सांगतो. निदान आपण करायचं, ते नकाशावरून.

आणि पीएमआरचा नकाशा मोठा बोलका असतो. बेल्जियममधल्या ब्लॉकमन्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३५ पेशंटांचे स्कॅन प्रसिद्ध केले. ९४ टक्क्यांच्या खांद्यांत, ८९ टक्क्यांच्या खुब्यांत आणि ५१ टक्क्यांच्या पाठीच्या मणक्यांच्या मागच्या टोकांपाशी साखर साठलेली होती. या तिसऱ्या जागेकडे एरवी कोणाचं लक्षच जात नाही. मणक्यांच्या काट्यांमध्ये, आणि बसताना जी बुडाची हाडं टेकतात तिथे, मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर, हे ठिपके दिसले की मी अर्धी लढाई जिंकली असं समजतो. पेशंटला विचारलं तर म्हणतो, हो, लाकडी खुर्चीवर बसवत नाही. पण आपणहून ते कधी सांगत नाही.

हा नकाशा उपयोगी पडतो तो प्रामुख्याने साठीनंतर सुरू होणाऱ्या आमवातापासून, म्हणजे ऱ्हुमॅटॉइडपासून, पीएमआर वेगळा काढायला. म्हातारपणी ऱ्हुमॅटॉइडसुद्धा खांद्यांपासूनच सुरू होऊ शकतो आणि रक्तात फॅक्टर निगेटिव्ह असू शकतो. तेव्हा रक्त आणि तक्रार दोन्ही सारखीच. पण ऱ्हुमॅटॉइडमध्ये उजेड सांध्याच्या आतल्या अस्तरात असतो, मनगटं नि बोटांची मुळंही पेटलेली असतात. पीएमआरमध्ये तो सांध्याच्या बाहेर, पिशव्यांत आणि दोऱ्यांच्या टोकांवर. मानेचं दुखणं फार असेल तर मी सोबतच्या सीटीत पहिल्या दोन मणक्यांपाशी चुन्याचा थर आहे का तेही बघतो. कॅल्शियमच्या स्फटिकांनी होणारा संधिवात म्हाताऱ्यांत हुबेहूब पीएमआरचं सोंग घेतो, आणि त्याचे उपचार वेगळे.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मात्र रक्तवाहिन्यांची. त्या ३५ जणांतल्या ३१ टक्क्यांच्या रक्तवाहिन्यांतही साखर साठलेली होती. म्हणजे खांदेदुखी घेऊन आलेल्या दर तिघांतल्या जवळपास एकाच्या वाहिन्यांच्या भिंतीत धग सुरू असू शकते, डोकेदुखी अजिबात नसताना. महाधमनी, गळपट्टीच्या हाडाखालून हाताकडे जाणारी वाहिनी, काखेतली वाहिनी. तुलना यकृताशी करतात: यकृताइतका उजेड म्हणजे दुसरी पायरी, त्याहून जास्त म्हणजे तिसरी. लांबच लांब, एकसारखी, नळीच्या आकाराची उजळ भिंत दिसली तर तो व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे वाहिन्यांचा दाह. तुकड्या-तुकड्याने, मांडीच्या वाहिन्यांत, चुना साचलेल्या जागी दिसली तर बहुधा वयोमानाचं कोलेस्टेरॉल. त्याला घाबरायचं नाही. जीसीए ठरवण्याच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत महाधमनीतल्या या उजेडाला गुण दिले आहेत, त्यावरून त्याचं वजन कळेल. पीएमआरला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड १२.५ ते २५ मिलिग्रॅम रोज पुरतं. मोठ्या वाहिन्यांचा दाह निघाला तर ४० ते ६० लागतं, शिवाय पुढची काही वर्षं महाधमनी फुगत नाही ना, यावर नजर ठेवावी लागते. ७४ वर्षांच्या मधुमेही माणसाला हा फरक लहान नाही.

आणि म्हणूनच गोळी आधी की स्कॅन आधी, हा तुमचा प्रश्न नेमका आहे. स्टिरॉइड ही साखरेची भूकच मारतं. जीसीएमध्ये जास्त मात्रेचं स्टिरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत स्कॅन झाला तर चित्र बऱ्यापैकी शाबूत असतं; दहा दिवसांनी बहुतेकांचं पुसट होतं. आजार तिथेच असतो, नुसता उजेड गेलेला असतो.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. बरीच वर्षं झाली. भंडारा जिल्ह्यातल्या एक आजी, अडुसष्टच्या, तक्रार तुमच्या बाबांसारखीच. मी ‘बघू तर’ म्हणून २० मिलिग्रॅम सुरू केलं. चार दिवसांत आजी नातवाला कडेवर घेऊन फिरू लागल्या, घरचे खूश, मीही खूश. दोन आठवड्यांनी ईएसआर अजून रेंगाळतोय असं दिसलं, म्हणून मग पेट केला. स्वच्छ आला. मी निर्धास्तपणे गोळी कमी करत आणली. आठ महिन्यांनी त्या परत आल्या, डावा हात कपडे पिळताना भरून येतो म्हणून. दोन हातांच्या बीपीत ३० चा फरक. काखेतली वाहिनी अरुंद झाली होती. पहिल्याच भेटीत मी दोन्ही हातांचं बीपी घेतलं नव्हतं. ते मशीन टेबलावरच पडलं होतं. तेव्हापासून पन्नाशीपुढच्या प्रत्येक खांदेदुखीला दोन्ही हातांचं बीपी, न चुकता. तुम्हीही घरी घेऊन बघा. वारंवार १० हून जास्त फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

स्टिरॉइडने लगेच आराम पडला म्हणजे पीएमआरच, असा समज डॉक्टरांतही आहे. स्टिरॉइडला सगळेच मान डोलावतात. ऱ्हुमॅटॉइड, गाउट, स्फटिकांचा वात, इतकंच काय, लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठीही काही दिवस बसतात. आराम पडणं ही निदानाची परीक्षा म्हणून कच्ची आहे.

इथे एक अवघड गोष्ट विचारतो: बाबा कुठली पुडी घेतात का? सांधेदुखीवर ‘जडीबुटीची’ म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा बिटामेथासोन हे स्टिरॉइड मिसळलेलं असतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता तो प्रश्न बीपीसारखाच ठरलेला आहे. गावाकडे घेतलेलं खांद्यातलं इंजेक्शनही मोजा. ते घेऊन स्कॅन केला तर पैसे पाण्यात.

स्कॅन फसतो ते दुसऱ्या बाजूनेही. आपल्या देशात छातीतल्या गाठी टीबीमुळे, जुन्या किंवा नव्या, पेटमध्ये सहज उजळतात. पीएमआरसाठी पाठवलेल्या एका पेशंटच्या रिपोर्टात ‘मेडियास्टायनल नोड्स, कॅन्सर नाकारता येत नाही’ असं आलं आणि दोन महिने ते कुटुंब त्या गाठींच्या मागे फिरलं. बायोप्सीत काहीच निघालं नाही. तोवर खांदे तसेच आखडलेले. थायरॉइडमधला ठिपका, आतड्यातला ठिपका, सत्तरीच्या शरीरात शोधलं तर काहीतरी सापडतंच. ही किंमत आधीच माहीत असलेली बरी. उलट, प्रोस्टेटचा कॅन्सर एफडीजीला फारसा भुलत नाही, त्यामुळे स्कॅन कोरा आला म्हणजे तोही नाही, असं धरू नका.

मी सगळ्या पीएमआरवाल्यांना पेटला पाठवतो का? मुळीच नाही. नेहमीची गोष्ट असेल, वजन टिकून असेल, डोक्याची-हाताची तक्रार नसेल, तर खांद्यांची सोनोग्राफी पुरते. कानशिलाच्या वाहिनीचीही सोनोग्राफी करतात. तिच्याभोवती सुजेचं काळं कडं दिसतं. बर्लिनच्या श्मिट यांनी १९९७ मध्ये ते दाखवलं आणि आज जीसीएच्या संशयात पहिली तपासणी तीच मानतात, फक्त करणारा हात सरावलेला हवा. स्कॅन मी मागतो ते वजन उतरत असेल, ताप असेल, आकडे फारच चढलेले असतील, स्टिरॉइडने अपेक्षेप्रमाणे फरक पडला नसेल, किंवा खुणा एकमेकींशी जुळत नसतील तर. पाच किलो वजन आणि ईएसआर ९२ या दोन गोष्टींवर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने आहे. ते लपवत नाहीयेत. मोठ्या वाहिन्यांचा दाह, एखादा छुपा संसर्ग आणि हो, कॅन्सरही, हे एकाच फेरीत बघून घेऊ म्हणताहेत. त्यातला तिसरा सर्वात कमी शक्यतेचा, पण वजन उतरलेल्या म्हाताऱ्या माणसात तो न बघणं हा हलगर्जीपणा ठरेल.

खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो, तेव्हा त्याआधी स्वस्त तपासण्या उरकल्यात ना, विचारा. स्नायूंचं सीपीके, थायरॉइड, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, लघवी, छातीचा एक्स-रे. सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांची तपासणी, हवंच. मायलोमा हा हाडांच्या मज्जेचा कॅन्सर ईएसआर असाच चढवतो, आणि पीएमआर म्हणून वर्षभर वावरलेला मायलोमा मी पाहिला आहे. किरणांची भीती मात्र मनातून काढा. एफडीजीतून साधारण ७ मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) जातात, सोबतच्या सीटीचे वेगळे. माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. पंचवीसच्या मुलीबाबत मी यावर जास्त विचार केला असता.

डायबेटिसमुळे तयारी नीट करावी लागेल. किमान सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. टोचण्याच्या वेळी साखर २०० च्या खाली हवी, सुजेसाठी करताना त्याहून बरीच खाली असली तर उत्तम. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर पेशी ही खास साखर घेणार कशाला? त्या सकाळी ऐनवेळी इन्सुलिन टोचून साखर पाडू नका, सगळं औषध स्नायूंत शिरतं आणि चित्र गढूळ होतं. मेटफॉर्मिनने आतडं उजळतं. काही केंद्रं ते ४८ तास आधी थांबवायला सांगतात, पण हे बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच. आदल्या दिवशी फुटाळा तलावावरची चालण्याची फेरी बंद. टोचल्यावर तासभर उबदार पांघरुणात गप्प पडून राहायचं असतं, कारण थंडीने शरीरातली तपकिरी चरबी पेटते आणि ती नेमकी माने-खांद्यांपाशीच असते. मे महिन्यात नागपुरात पेशंटला ब्लँकेट दिलं की तो आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती बघण्यासारखी असते, पण आत एसी कडक असतो. वेळ पाळा. या औषधाचं आयुष्य ११० मिनिटांत निम्मं होतं, उशीर झाला तर तुमच्यासाठी राखलेला डोस विझत जातो.

तारीख घेताना दोन गोष्टी सांगा. पहिली, हा कॅन्सरचा नेहमीचा स्कॅन नाही, पीएमआर आणि जीसीएसाठी आहे. नेहमीचा स्कॅन कवटीच्या तळापासून अर्ध्या मांडीपर्यंत घेतात; आपल्याला डोक्याच्या वरपासून गुडघ्यांपर्यंत हवा, जमल्यास मनगटं-हातही. दुसरी, हात शरीराशेजारी ठेवून. एरवी हात डोक्यावर घ्यायला लावतात. ज्याला बनियन चढवता येत नाही तो वीस मिनिटं हात वर धरून कसा पडेल? हललं की चित्र गेलं. चिठ्ठीवर हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर सकाळच्या गर्दीत तंत्रज्ञ सवयीने तेच करेल.

स्कॅन झाला की छापील रिपोर्टाची वाट न बघता मी न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना फोन करतो. मोठ्या गाठी दिसत असतील तर थांबतो, कारण लिम्फोमा असला तर स्टिरॉइडने बायोप्सीच निकामी होते. तसं नसेल तर गोळी त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सुरू. आणि त्या दिवसापासून बाबांची साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी मोजा. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की साखर उसळी घेते ती दुपारनंतर. सकाळची उपाशीपोटीची ११० दिसते आणि घरचे निश्चिंत राहतात, तेव्हा संध्याकाळी ती ३५० झालेली असते.